बाकाजवळची कुंडी

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "ताई, यंदाच्या अंकासाठी तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा." मी हो म्हणून बसले. वही उघडली, तेव्हा गमती दोन-तीनच आठवल्या. बाकी सगळा रागच निघाला. तोच लिहिते. कापायचं ते त्यांनी कापावं.

आमची मिरजेत नर्सरी आहे, सासऱ्यांनी सुरू केलेली. रोपं विकणं हा त्यातला अर्धा धंदा. उरलेला अर्धा म्हणजे लोकांनी घरात, बँकेत, दवाखान्यात नेऊन ठेवलेल्या कुंड्या जिवंत ठेवणं. हे दुसरं काम गेली तीस वर्षं मी बघते. आठवड्यातून दोनदा जायचं, माती तपासायची, पाणी द्यायचं, पानं पुसायची, कीड काढायची. एखादं रोप फारच खंगलं तर ते उचलून नर्सरीत आणायचं आणि त्या जागी दुसरं ठेवायचं. लोकांना वाटतं, बाई येते, पाणी घालते आणि जाते. पाणी घालायला माणूस लागत नाही. कधी घालायचं नाही, हे कळायला लागतो.

घरात ठेवायची ही पानांची झाडं मुळात आपल्याकडची नव्हेत. दमट जंगलात, मोठ्या झाडांच्या सावलीत ती वाढतात. म्हणून त्यांना कडक ऊन सोसत नाही, पण अंधारही चालत नाही. हवेत ओल आवडते, पण पायाशी पाणी साचलेलं आवडत नाही. एवढंच कळलं तरी निम्मी झाडं जगतील. पण होतं काय, की पान पिवळं पडलं की माणसाला वाटतं झाड तहानलंय. तो आणखी पाणी घालतो. खाली मुळं आधीच कुजायला लागलेली असतात, त्यांना श्वास घेता येत नाही, वरचं पान आणखी पिवळं पडतं, हा आणखी पाणी घालतो. मग आठ दिवसांनी मला फोन, "तुमचं रोपच खराब निघालं." मी जाऊन कुंडी उलटी करते. गटारासारखा वास येतो. सासऱ्यांनी मला कामाला घेतलं तेव्हा पहिली गोष्ट शिकवली होती, मातीत बोट दोन पेरं आत घालायचं. आत ओल लागली तर पाण्याचा डबा खाली ठेवायचा. हे फुकटचं शास्त्र आहे. ते कोणाला नको असतं, कारण पाणी घालण्यात आपण काहीतरी केल्याचं समाधान असतं आणि न घालण्यात नसतं.

पलूसच्या एका बागायतदारांनी नवा बंगला बांधला आणि हॉलमध्ये ठेवायला आमच्याकडून लाल-हिरव्या पानांची रोपं नेली. महिन्याने बोलावणं आलं. जाऊन बघते तर पानांच्या कडा जळलेल्या, मातीवर पांढरे दाणे. मी विचारलं, "युरिया घातलाय?"

"मग? घातला की मूठभर."

"एवढ्याशा कुंडीत मूठभर?"

"आवं ताई, माझा ऊस बघायला लोकं गाड्या करून येत्यात. मला खताचं शिकवताय व्हय?"

मी म्हटलं, "दादा, उसाची मुळं पळून लांब जातात. हे बिचारं कुंडीत कोंडलंय. पळणार कुठं?" त्यांना ते पटलं आणि ते मनापासून हसले. असं गिऱ्हाईक मला आवडतं. चुकतं, पण ऐकतं. त्यांची रोपं मी भरपूर स्वच्छ पाण्याने तळाच्या भोकातून खळखळा वाहीपर्यंत धुऊन काढली, खत महिनाभर बंद केलं, आणि दोन वाचली.

सांगलीत विश्रामबागेत एक बाई पानांना रोज खोबरेल तेल लावायच्या. चकाकतात म्हणून. तेलावर धूळ बसून पानांची कातडी झाली होती. मी ओल्या फडक्याने ती पुसून दिली, तर त्या म्हणाल्या, "आता गरीब दिसतात हो." त्यांच्यावर कसला राग करणार?

माझा खरा राग वेगळ्या माणसांवर आहे. ज्यांना सांगितलेलं कळतं आणि तरी जे ऐकत नाहीत त्यांच्यावर. त्यात एक माणूस मी स्वतःही आहे. ते आता सांगते.

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. लांबलांबून, पार कर्नाटकातून माणसं येतात. त्यातल्याच एका मोठ्या दवाखान्याने नवी इमारत बांधली. नाव सांगत नाही. उद्घाटनाआधी पुण्याहून सजावटवाले आले आणि प्रवेशाच्या दालनात, कॅश काउंटरजवळ, जिन्यापाशी झाडंच झाडं मांडून गेले. कुंड्या देखण्या, पांढऱ्या, तुकतुकीत, आणि एकीच्याही बुडाला भोक नाही. पाणी जाणार कुठं? देखभालीचं काम मला मिळालं तेव्हा पहिले चार दिवस मी फक्त तेच केलं. प्रत्येक रोप भोकाच्या साध्या कुंडीत घातलं आणि ती कुंडी विटेच्या तुकड्यांवर त्या पांढऱ्या कुंडीत उतरवली.

तिथले व्यवस्थापक पन्नाशीचे, टापटीप, बोलायला गोड. सगळे त्यांना नुसतं साहेब म्हणत, मीही तेच म्हणते. पहिल्याच महिन्यात मी त्यांना सांगितलं की एसीचा झोत थेट झाडांवर येतोय, पानांची टोकं वाळताहेत. शिवाय आत उजेड कमी आहे. निम्मी झाडं पंधरा दिवस आत ठेवू, निम्मी आमच्या नर्सरीत हिरव्या जाळीखाली, मग अदलाबदल करू.

साहेब म्हणाले, "म्हणजे झाडांनाही सुट्टी?"

"हो. नर्सना असते तशी."

त्यांना ते आवडलं नाही. सुट्टी मिळाली नाही.

तिथली एकच व्यक्ती माझ्या बाजूची होती, ती कमलमावशी. दालन झाडण्या-पुसण्याचं काम तिच्याकडे. साठीला आलेली, बुटकी, कमरेला पदर खोचलेला. मला भाभी म्हणायची. सुरुवातीला आमचं भांडण झालं, कारण माझ्या मागे ती रोज कुंड्यांना पाणी घालत होती. मी चिडले तर ती म्हणाली, "भाभी, पान जरा जरी वाकलं तरी सायब मला बोलत्यात. तुमी काय, दोन दिसांनी येताय." चूक तिची नव्हती. मी तिला बोट घालून माती बघायला शिकवलं. ती लवकर शिकली, माझ्यापेक्षा लवकर. पुढे तीच मला सांगायची, "जिन्यापाशीच्या झाडाला पांढरी कीड लागलीया," आणि नर्सकडून स्पिरिटचा कापूस मागून आणायची. कापसासारखी दिसणारी ती पिठ्या कीड पानाच्या बगलेत बसते. स्पिरिटच्या बोळ्याने एकेक टिपून काढावी लागते. आम्ही दोघी जमिनीवर बसून ते करायचो.

पेशंटचे नातेवाईक कुंडीत चहा ओतायचे, बिस्किटाचे कागद टाकायचे. त्याचा मला कधी राग आला नाही. ज्याचं माणूस आत आयसीयूत आहे, त्याला हातातला कप कुठे टाकतोय याची शुद्ध नसते.

मग लहान मुलांची ओपीडी वरच्या मजल्यावरून खाली आली. दालनाच्या एका कोपऱ्यात बाकं मांडली, भिंतीवर ससे-हत्ती रंगवले. आणि बाकांच्या दोन्ही टोकांना साहेबांनी डिफेनबेकियाच्या दोन कुंड्या ठेवायला लावल्या.

हे झाड तुम्ही नक्की पाहिलेलं आहे. मोठी, हिरवी, मधे पांढरट ठिपक्यांची पानं. बँकेत असतं, लग्नाच्या हॉलमध्ये असतं. सांभाळायला सोपं. कुंडी अधूनमधून फिरवायची, नाहीतर सगळं झाड उजेडाकडे कलतं. उंच, बोडकं झालं की शेंडा छाटून वेगळा लावायचा. पण त्याचा चीक वाईट. हाताला लागला तर खाज सुटते, आणि पान चावलं तर त्यातल्या बारीक काट्यांनी तोंड, जीभ, घसा सुजतो. मोठ्या माणसाचंही बोलणं बंद होतं. सासऱ्यांनी मला मोजे घातल्याशिवाय कधी त्याला हात लावू दिला नाही.

मी त्याच दिवशी साहेबांकडे गेले. म्हटलं, "साहेब, ही दोन झाडं मुलांजवळ नकोत. पान चावलं तर तोंड सुजतं."

साहेब संगणकात बघत होते. म्हणाले, "मुलं काय शेळ्या आहेत, पाला खायला?"

"दोन वर्षांचं मूल काहीही तोंडात घालतं."

"आई-वडील असतात की सोबत. आणि तो कोपरा फार मोकळा दिसतो, बाई. फोटोत चांगला येत नाही."

मी आणि कमलमावशीने त्या दोन्ही कुंड्या उचलल्या आणि कॅश काउंटरच्या मागे ठेवल्या. पुढच्या खेपेला गेले तर त्या परत बाकांजवळ. पुन्हा उचलल्या. पुन्हा परत आल्या. आणि या वेळी साहेबांनी मला बोलावून घेतलं आणि हसत हसत सांगितलं, "बाई, झाडांना पाणी घालायचं तुम्ही बघा. कुठं ठेवायची ते मी बघतो. आपल्या दुसऱ्या इमारतीचंही काम तुम्हालाच द्यायचं माझ्या मनात आहे."

तिसऱ्या वेळी मी कुंड्या हलवल्या नाहीत.

हे वाक्य मी वहीत चारदा खोडलं आणि चारदा लिहिलं. मी फक्त खालची पानं छाटली, म्हणजे लहान मुलांच्या हाताला येणार नाहीत अशी माझी समजूत. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की मी साहेबांच्या कानावर घातलंय, आता त्यांची जबाबदारी. मी जेवले आणि झोपले.

त्यानंतर दोन महिने काही झालं नाही. मग एका गुरुवारी सकाळी मी जिन्याजवळ पानं पुसत होते, तेव्हा ओपीडीच्या बाजूने एका लहान मुलीचं रडणं ऐकू आलं. दवाखान्यात मुलं रडतातच, पण हे रडणं घोगरं होतं, तोंड मिटता येत नसल्यासारखं. मी वळून बघेपर्यंत नर्स तिला उचलून आतल्या खोलीत घेऊन गेली होती आणि तिच्या मागे नऊवारीतली एक म्हातारी धावत होती.

ती वडूजकडची हौसाआजी. नातीला खोकल्यासाठी दाखवायला आणलं होतं. मुलीचा बाप फौजेत, लांब सीमेवर. आई केसपेपर काढायला रांगेत उभी होती. नातीचं नाव इथे ईश्वरी म्हणते, अडीच वर्षांची. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी फक्त दारातून आवाज ऐकू येत होते. डॉक्टर विचारत होत्या, "काय खाल्लं हिने?" आणि आजी पुन्हा पुन्हा सांगत होती, "बिस्कीट दिलतं ओ. दुसरं काय न्हाई. बिस्कीटच."

मी बाकांकडे बघितलं. टोकाच्या कुंडीतलं एक पान मोडून लोंबत होतं. मुलगी बाकावर उभी राहिली असणार, म्हणून वरच्या पानापर्यंत हात पोचला. पानाच्या कडेला अर्धचंद्रासारखा घास घेतलेला होता. त्यावर दातांचे बारीक ठसे दिसत होते.

मी ते पान तोडलं आणि धावले. दारातल्या वॉचमनने हात आडवा केला. म्हणाला, "तुमचं काय काम आत?" मी त्याला ढकललं. आयुष्यात मी ढकललेलं ते पहिलंच माणूस. आत तरुण डॉक्टरीण होती, मुलीच्या तोंडात बॅटरीचा उजेड पाडून बघत होती, घशात बिस्कीट अडकलंय का म्हणून. मुलीच्या ओठांचा आकार बदललेला, लाळ गळत होती, जीभ बाहेर.

मी पान पुढे केलं. "हे चावलंय तिने. डिफेनबेकिया. याच्या चिकानं सूज येते."

त्या डॉक्टरणीचे मी आजही आभार मानते. तिने मी कोण, इथे कशी आले, काही विचारलं नाही. पान बघितलं, ठसे बघितले, आणि लगेच काम बदललं. मुलीचं तोंड ओल्या कापडाने पुसून घेतलं, पाण्याने धुतलं, गार दूध मागवलं, वरच्या डॉक्टरांना फोन केला. श्वासाला त्रास होतोय का ते बघायला मशीन लावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पान इथेच ठेवा. तुम्ही बाहेर थांबा."

मी बाहेर थांबले. कमलमावशी फरशी पुसायची सोडून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

दुपारपर्यंत सूज वाढायची थांबली. संध्याकाळी मुलगी दूध प्यायली. त्या रात्री तिला दवाखान्यातच ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. ती बरी झाली, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना तुमचा जीव टांगणीला लागू नये.

त्याच दुपारी साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर एक टाईप केलेला कागद तयार होता. त्यात लिहिलं होतं की रोपांची देखभाल करणाऱ्या व्यक्तीने व्यवस्थापनाला कल्पना न देता विषारी रोप बालरुग्ण विभागात ठेवले, आणि ती व्यक्ती आपली चूक मान्य करत आहे. खाली माझं नाव, सहीची जागा.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"औपचारिकता आहे. मुलीचे वडील आर्मीत आहेत, उद्या तक्रार-बिक्रार झाली तर कागद लागतो. तुमच्यावर काही येणार नाही, मी बघतो."

"मी तुम्हाला सांगितलं होतं. दोनदा कुंड्या हलवल्या होत्या."

"लेखी आहे का काही?"

नव्हतं. तीस वर्षांत मी झाडांबद्दल कुणाला लेखी दिलं नव्हतं. मी कागद त्यांच्याकडे सरकवला आणि म्हटलं, "सही होणार नाही." त्या माणसाचा आवाज शेवटपर्यंत गोड होता, त्याचा मला अजून संताप येतो. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

बाहेर आले तर दालनात हौसाआजी उभी. झाडाचं तिच्या कानावर कुणीतरी घातलं होतं. ती थेट माझ्याकडे आली. उंच, सरळ पाठीची म्हातारी, डोळे रडून लाल झालेले, पण आवाज शांत.

"झाडं बगनारी बाई तुमीच न्हवं?"

"हो, आजी."

"तुमी ठिवलं व्हय ते झाड तितं?"

मी म्हणाले, "मी नाही ठेवलं. पण ते वाईट आहे हे मला माहीत होतं."

"मग सांगितलं का न्हाई?"

"साहेबांना सांगितलं होतं, आजी. कुंड्याही दोनदा हलवल्या."

तिने मान हलवली. मला वाटलं, आता तिला पटलं. ती म्हणाली, "सायबाला सांगून काय हुतंय? सायबाची नात बसलीती का तितं? तितं आमी बसलोतो. आमाला सांगायचं हुतं."

दोन महिने, आठवड्यातून दोनदा, मी त्या बाकांजवळून गेले होते. त्या बाकांवर रोज आया बसलेल्या असायच्या, आज्या बसलेल्या असायच्या. एकीलाही मी म्हटलं नाही की बाई, पोराला या झाडापासून लांब धरा. एवढ्या एका वाक्याला कुणाची परवानगी लागत नव्हती. मी साहेबांना सांगितलं आणि स्वतःला सोडवून घेतलं. साहेबांनी कागद करून स्वतःला सोडवून घ्यायचं बघितलं. आमच्या दोघांत फरक आहे असं मला वाटत होतं. तो फरक किती उरला, ते त्या म्हातारीने एका वाक्यात दाखवलं.

मी आजीला म्हणाले, "तुमचं खरं आहे. चुकलं माझं."

"चुकलंच," ती म्हणाली आणि नातीकडे आत गेली.

मी घरी जाऊन माझा स्वतःचा कागद लिहिला. काय झालं, कुणाला कधी सांगितलं, कुंड्या कितीदा हलवल्या, आणि तिसऱ्या वेळी मी का हलवल्या नाहीत, तेही. माझी चूक मी त्यात लिहिली, साहेबांची साहेबांच्या नावावर लिहिली. दुसऱ्या दिवशी तो कमलमावशीला वाचून दाखवला. सही मागणार नव्हते. तिची नोकरी होती, घरात आजारी नवरा होता. तिने स्वतःच हात पुढे केला.

"आणा. मला वाचाया येत न्हाई, पर कुंड्या दोगींनी उचलल्या हुत्या, ते मला ठावं हाय."

"मावशी, काढतील तुला."

"काढूद्यात. लय तर घरी बसवत्याल. मला रातच्याला झोप याया पायजे का नको?"

तिने सही केली, एकेक अक्षर कोरून. एक प्रत दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरांना दिली, एक ईश्वरीच्या आईच्या हातात. मुलीच्या वडिलांचा सीमेवरून फोन आला, तेव्हा त्यांना तो वाचून दाखवला गेला. त्यांनी दवाखान्याकडून लेखी माफी मागून घेतली. ती साहेबांच्या सहीची होती. साहेबांचं पुढे काही झालं नाही, ते अजून तिथेच आहेत. माझं काम महिन्याअखेरीस बंद झालं. दुसऱ्या इमारतीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. कमलमावशीला काढलं नाही, पण मागच्या बाजूला चादरी धुण्याच्या विभागात टाकलं. आणि दालनातली सगळी झाडं, ज्यांचा काही दोष नव्हता तीसुद्धा, काढून तिथे प्लास्टिकची आणून ठेवली. कमलमावशी म्हणते, त्यांच्यावर बोटभर धूळ असते.

मी नर्सरीतल्या प्रत्येक डिफेनबेकियावर, आणि तसा चीक असलेल्या दुसऱ्या झाडांवर, लाल अक्षरांत पाट्या लावल्या. पान चावल्यास तोंड सुजते, लहान मुले व जनावरे यांपासून दूर ठेवा. गिऱ्हाइकं पाटी वाचतात आणि दुसरीकडे जातात. धंद्यातले दोघे-तिघे येऊन म्हणाले, "भाभी, तुम्ही आमच्या पोटावर पाय देताय. लोकं आम्हालाही विचारायला लागलीत." मी म्हटलं, विचारूदे. परवा एक तरुण जोडपं आलं, कडेवर वर्षाचं मूल. पाटी वाचून नवरा म्हणाला, "काकू, ऑनलाइन तर असं काही लिहिलेलं नसतं." लिहिलेलं नसतं, हीच तर माझी तक्रार आहे. झाड हजार कोसांवरून घरात येतं, खोक्यात नीट गुंडाळून, सोबत फुकट खताची पुडी, आणि त्याचा स्वभाव मात्र कुणी सोबत पाठवत नाही.

ईश्वरीला घरी सोडल्यावर महिन्याभराने मी वडूजला गेले. कुणी बोलावलं नव्हतं. एसटीने गेले, पुढे वडापच्या जीपने. माळावरचं घर, आजूबाजूला ज्वारीची मोकळी रानं, बांधावर, अंगणाच्या कडेला रुईची झुडपं. हौसाआजीने मला ओळखलं, घोंगडी टाकली, सुनेला चहा ठेवायला सांगितला. माफी एकदा मागून झाली होती. मुलगी अंगणात खेळत होती, चांगली खणखणीत बोलत होती.

मला त्या रुईकडे बघून राहवलं नाही. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती. म्हटलं, "आजी, ही रुई इतकी जवळ? आणि पोर इथे खेळतंय?"

आजी म्हणाली, "तिला चालाया लागल्यापस्नं शिकीवलंय. रुई आमाला ठावं हाय, बाई. तुमचं झाड न्हवतं ठावं."

मी चहा घेतला आणि निघाले. अंगणातून जाताना सवयीने माझा हात त्या झुडपाकडे गेला, जांभळट फुलं होती म्हणून, नुसतं बघायला. ईश्वरी खेळ टाकून धावत आली. तिने माझं बोट दोन्ही हातांनी धरलं आणि मला मागे ओढलं.

"हात नगं लावू," ती म्हणाली. "बाऊ हुतंय."